412 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला: पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं?

झाडीपट्टी (प्रश्न, 2 डिसेंबर)

नमस्कार मंडळी. वनहक्क कायद्याखाली आमच्या ग्रामसभेला 412 हेक्टरचं टायटल हाती आलं आहे. गाव ब्रम्हपुरी-नागभीड पट्ट्यातलं, घरं 96. वरच्या अंगाला साग, येन, धावडा, मोह, तेंदू आणि थोडी चारोळी आहे. खालच्या अंगाला मानवेल बांबूच्या रांज्या (बेटं). दोन बोड्या (लहान तळी) आहेत, पैकी एक बेशरमाने भरलेली. नाला जानेवारीत आटतो. गावाकडच्या बाजूला अंदाजे 30-35 हेक्टरमध्ये घाणेरी माजली आहे. वणवा दरवर्षी लागतो. वाघाचा वावर कायम असतो, अस्वल मोहाच्या दिवसांत येतं. धानाचं रोही (नीलगाई) अन् डुकरं काय करतात ते सांगायची गरज नाही.

आता गावात पाच तोंडांची पाच मतं झाली आहेत. कोणी म्हणतं या पावसाळ्यात दहा हजार झाडं लावू. कोणी म्हणतं बांबू लगेच तोडायला घेऊ. तेंदूचा एक ठेकेदार अ‍ॅडव्हान्स घेऊन आत्ताच दारात उभा आहे. पोरांना सिमेंटचे सहा पाणवठे बांधायचे आहेत. आणि सगळे म्हणतात, आधी आराखडा लिहा. सुरुवात कुठून करावी? नेमकं सांगा जी, "लोकसहभाग वाढवा" असलं उत्तर नको.

जाळरेषा

भाऊ, डिसेंबर लागला म्हणजे हातात दहा आठवडे उरले. वनविभाग आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतो. जाळरेषा (आग अडवायला पाला-गवत साफ केलेला पट्टा) त्याआधी झाली पाहिजे. आराखडा, बांबू, पाणवठे सगळं नंतर करता येतं, हे नाही. ज्या जंगलात दरवर्षी जमिनीवरून आग फिरते तिथे मोठी झाडं हिरवीच दिसतात, पण गुडघ्याइतकं रोप दिसत नाही. दहा हजार रोपं लावली तरी पहिल्या मार्चमध्ये ती जातील.

412 हेक्टर चौरस असतं तर परीघ 8 किलोमीटर भरला असता. वाकडीतिकडी हद्द धरली तर 11-12 म्हणा. एवढं सगळं कापायची गरज नाही. आधी हद्दीवरून चालत जाऊन तयार अडथळे नकाशावर मांडा: रेती उघडी असलेला नाला, बोडीची पाळ, रुंद गाडीवाट, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या. उरलेल्या अंतरावर रेषा काढा. मग जंगलाच्या पोटातून एकदोन आडव्या रेषा, म्हणजे आग आत शिरलीच तर चौथा हिस्सा जळेल, सगळं नाही. पानगळीच्या जागी 3 मीटर रुंदी चालते. कुसळ आणि पवन्या कंबरेएवढा उभा असेल तिथे 6 मीटरपेक्षा कमी ठेवू नका; उंच गवताची ज्वाळा वाऱ्यासोबत आडवी होते आणि 3 मीटर सहज ओलांडते.

मजुरीचा अंदाज हवेत करू नका. चार माणसांना 100 मीटर मोजून द्या, वेळ लावा, त्यावरून हिशोब काढा. गवतात आणि सागात हा आकडा दुप्पट-तिप्पट बदलतो.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती अशी: जानेवारीत रेषा झाडली, फोटो काढला, संपलं. साग मार्चपर्यंत पान टाकत राहतो. पाचसहा आठवड्यांत रेषेवर पुन्हा थर बसतो आणि आग त्यावरून चालत जाते. म्हणून मजुरी एकाच वेळी खर्चू नका. एक साफसफाई जानेवारीअखेर, दुसरी मार्चच्या सुरुवातीला, तिसरी एप्रिलमध्ये, फक्त सागाच्या भागात. झाडलेला पाला झाडाच्या बुंध्याशी ढीग करून ठेवू नका. रेषेवरचा पाला जाळायचाच असेल तर फेब्रुवारीच्या मध्याआधी, सकाळी दव असताना, बीटगार्डला सांगून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून. रेषेलगतच्या वाळल्या उभ्या खोडांचा पाया 2-3 मीटर गोल साफ करा. खोड तोडू नका, त्यात सुतार पक्षी, पिंगळा, घोरपड राहतात. पण ते पेटलं तर वरून ठिणग्या रेषेपलीकडे उडतात.

आता आग लावतं कोण? वीज पडून लागलेला वणवा आपल्याकडे जवळपास नसतोच. मोहाखालचा पाला जाळणारा, तेंदूला नवी फूट यावी म्हणून काडी लावणारा, धुरे (शेताचे बांध) जाळून घरी निघून जाणारा, बिडी टाकणारा आणि शिकारी. पहिले तिघं गावातलेच असतात, म्हणून ग्रामसभेत ते मिटू शकतं.

मोहाचं असं करा. फूल पडायच्या आठदहा दिवस आधी प्रत्येक झाडाखालचा पाला फक्त झाडून घ्यायचा आणि उचलून न्यायचा. पाल्याला उपयोग पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी काडी लागते. यवतमाळातून निघालेली नाडेपची टाकी (10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच) इथे कामाची. तिला 1400-1500 किलो काडीकचरा लागतो, 90-100 किलो शेण आणि साधारण 1750 किलो चाळलेली माती. सागाचं पान लवकर कुजत नाही, ते कुटून किंवा गुरांखाली अंथरून मग टाका. दुसरा उपाय जाळीचा. बारीक छिद्रांची शेडनेट झाडाखाली बांबूच्या खुंट्यांवर फूट-दीड फूट उंच बांधायची. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ सुकतं, भावही बरा मिळतो. मासे पकडायची जाळी मात्र वापरू नका, साप अन् ससे अडकून मरतात. प्रत्येक कुटुंबाने एकदोन मोह जाळीविना सोडावेत. चितळ, भेडकी, अस्वल त्यावरच जगतात, आणि तिथे पोट भरलं तर तुमच्या जाळीकडे कमी येतात.

आगीच्या दिवसाची तयारी: दाताळी, फावडी, कुऱ्हाडी, ओल्या पानांच्या फांद्या आणि शेतातले 16 लिटरचे फवारणी पंप. पंप आधी दोनदा धुऊन घ्या, औषधाची वाफ नाकात जाते. पंपाने ज्वाळा विझत नाही; धुमसणारा ओंडका विझवायला तो लागतो. आणि नव्वद टक्के घोळ तिथेच होतो: आग विझली म्हणून लोक घरी येतात, ओंडका रात्रभर धुमसतो, दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतो. म्हणून दोन माणसं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलीच पाहिजेत. अंगात सुती कपडे हवेत, टेरिकॉट अंगाला वितळून चिकटतं. चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, चढाने ती धावते. समोरून उलटी आग लावणं हे शिकलेल्या माणसाचं काम, वनविभागाची माणसं असतील तेव्हाच.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मोबाइल नोंदवला तर उपग्रहाने पाहिलेल्या आगीचा संदेश येतो. नोंदवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्याचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि उपग्रह दुपारी-रात्री दीडच्या आसपास फिरतो. चार वाजता लागून सात वाजता विझलेली आग त्याला दिसतच नाही. उंच टेकाडावर 11 ते 6 एक माणूस बसवणं अजूनही सगळ्यात पक्कं.

पानफळी

वरचं सगळं बरोबर. तेंदूबद्दल तेवढं सविस्तर लिहितो, कारण ठेकेदार दारात उभा आहे.

अ‍ॅडव्हान्स आत्ता घेऊ नका. ग्रामसभेचं स्वतःचं बँक खातं आणि पॅन नसताना घेतलेला पैसा कोणाच्या तरी घरात जातो, मग मे महिन्यात भांडण. आधी खातं काढा, सह्या किमान दोघांच्या, त्यात एक बाई असू द्या. मग जाहिरात देऊन दर मागवा. आजूबाजूच्या चारपाच ग्रामसभा एकत्र आल्या तर दर निराळाच निघतो.

पत्ता चांगला यायला आग लागत नाही, खुटकटाई लागते. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तेंदूची झुडपं जमिनीसरशी धारदार कुऱ्हाडीने कापायची. साधारण 40-45 दिवसांनी मऊ, मोठं, डाग नसलेलं पान तयार होतं. हे मजुरीचं काम आहे आणि ठेकेदाराला ती मजुरी वाचवायची असते, म्हणून काडी लागते. करारात तीन वाक्यं घाला: खुटकटाईचा खर्च ठेकेदाराचा, संकलनाच्या जंगलात आग लागली तर अनामतीतून ठरलेली कपात, मोठ्या झाडाची फांदी तोडून काढलेलं पान फळीवर (पानं जमा करायच्या जागी) घेतलं जाणार नाही. मोठा तेंदू राखायचाच, टेंभरं (तेंदूची फळं) अस्वलाची अन् कोल्ह्याची आहेत.

फळीवर मोजणी: आपल्याकडे पुडा 70 पानांचा, 1000 पुड्यांची एक मानक गोणी. ठेकेदाराच्या मुन्शीच्या वहीशेजारी ग्रामसभेची वेगळी वही ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही जुळवा. तिसऱ्या दिवशी जुळवायला बसलं की जुळत नाही. हप्ते बांधून घ्या आणि शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत वाहतूक परवाना देऊ नका. 2012 च्या सुधारित नियमांनी गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीच्या हातात आहे. माल फळीवरून हलला की मागे लागून काही मिळत नाही.

पेनठाना

पानफळी भाऊंचा मान ठेवून वेगळं सांगते. तेंदू घ्यायचाच असं कुठे लिहिलं आहे? गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदू सरळ बंद केला. कारण हेच, फांद्या छाटणं आणि आग. त्यांनी बांबूवर भर दिला. तुमच्याकडे बांबू आहे, तर पहिलं वर्ष तरी तेंदूला सुट्टी देऊन पाहा. एक हंगाम आग नसली तर पावसाळ्यात रोपांच्या मोजणीत फरक दिसतो.

पानफळी

ताई, पाचगावला बांबू भरपूर होता म्हणून जमलं. जिथे मे महिन्यात पंधरा-वीस दिवसांची हीच रोख मजुरी आहे तिथे बंदी ठरावात राहते, पान मात्र शेजारच्या फळीवर चोरून जातं. तेव्हा ना आगीवर ताबा, ना हिशोब. जंगलाचे चार भाग करून एका भागात तेंदू पूर्ण बंद ठेवता येईल, तो भाग पाळीने फिरवायचा. बाकी झाडीपट्टी भाऊंच्या ग्रामसभेने ठरवावं.

वास्ते

बांबू यावर्षी तोडू नका असं म्हणत नाही, पण मोजल्याशिवाय तोडू नका.

प्रत्येक रांजीत चार प्रकार वेगळे मोजायचे: यंदाचा, मागच्या वर्षीचा, पक्का, आणि वाळलेला-मोडलेला. यंदाच्या बांबूला कांड्यांवर साल चिकटलेली असते, पांढरी भुकटी असते आणि खाली फांद्या नसतात. दुसऱ्या वर्षी साल गळते, रंग गडद हिरवा. तिसऱ्या वर्षी हिरवेपणा मळतो, बुरशीचे करडे डाग येतात, टिचकी मारली तर आवाज घट्ट. तोडायचा फक्त हा तिसरा आणि त्यापुढचा. रांजीत यंदाचे सगळे आणि त्याशिवाय किमान 8-10 उभे राहिलेच पाहिजेत. तेवढे उरत नसतील तर त्या रांजीला हातच लावायचा नाही, फक्त वाळलेले काढा.

कापायची उंची पहिल्या पेराच्या (गाठीच्या) वर, जमिनीपासून 15 ते 30 सेंटीमीटर. पेराच्या लगेच वर सपाट कापा. कांड्याच्या मध्ये कापलं तर वाटी तयार होते, पाणी साचतं, खुंट कुजतो आणि कूज मुळात उतरते. कंबरेएवढ्या उंचीवर कापणं हा आळस आहे, आणि पुढच्या वेळी आत शिरताच येत नाही.

लोक बाहेरून सोपे मिळतात म्हणून कडेचे तोडतात. तोडायचे मधले. नवे कोंब कडेला येतात. कडेचे गेले तर रांजी आतल्या आत गुंतून मरते. म्हणून एका बाजूने, घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरा आणि मधला पक्का माल काढा. तोडून उरलेल्या फांद्या रांजीवर टाकू नका. त्याखाली वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) वाकडे येतात, आणि उन्हाळ्यात तेच सरपण आगीला मिळतं. दोन-तीन मीटर दूर ओढून ठेवा.

15 जून ते सप्टेंबरअखेर तोड बंद. वास्ते काढण्यावर ग्रामसभेने मर्यादा घालावी, बंदी घालून उपयोग नाही. पावसाळ्यातली भाजी लोक सोडणार नाहीत, पण प्रत्येक वास्ता म्हणजे दोन वर्षांनंतरचा एक बांबू गेला. ठरावीक दिवस, ठरावीक रांज्या, विक्रीसाठी नाही, एवढं पाळलं जातं.

सगळा बांबू तीन किंवा चार भागांत वाटा, दरवर्षी एक भाग तोडा. टायटलमध्ये इमारती लाकूड नाही हे पक्कं लक्षात असू द्या. बांबू कायद्याने गौण वनउपज आहे, साग नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडायला एप्रिल 2011 उजाडलं. वनविभागाशी झालेल्या त्या भांडणाचा फायदा आज सगळ्यांना आहे, म्हणून परवान्याची वही नीट ठेवा. तीन प्रती, क्रमांक छापलेले. मालाचा प्रकार, नग, गाडी क्रमांक, कुठून कुठे, तारीख-वेळ आणि मुदत. एक प्रत गाडीसोबत, एक रेंज ऑफिसला, एक वहीत. खाडाखोड झाली तर पान रद्द लिहून वहीतच ठेवा, फाडू नका. तपासणीत पहिला संशय फाटलेल्या पानावरच येतो.

झाडीपट्टी

मोठी मदत झाली. पाणवठ्यांचं आणि वाघाचं राहिलं. पोरं ऐकत नाहीत, म्हणतात प्राण्यांना पाणी पाजणं वाईट कसं? घाणेरीचंही कोणीतरी सांगा.

बोडीकाठ

वाईट नाही, पण सहा ठिकाणी नको आणि सिमेंटपासून सुरुवात नको.

आधी आहे ते पाणी मोजा. डिसेंबर, मार्च आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या जागा फिरा: बोड्या, नाल्यातले डोह, झिरे. कुठलं पाणी कधी संपतं ते लिहा. नाल्यात आत्ता ओल आहे तोवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-रेती भरून दोन-तीन वनराई बंधारे टाका. वाहतं पाणी थांबवायचं असतं, म्हणून हे काम जानेवारीत केलं तर वाया जातं. बेशरमाने भरलेली बोडी मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेल्यावर मुळासकट उपटा. कापून टाकलेली प्रत्येक कांडी ओल्या गाळात पुन्हा रुजते, ती पाळीच्या बाहेर नेऊन उन्हात वाळवा. ही एक बोडी मे महिन्यापर्यंत टिकली तर चार पाणवठ्यांचं काम झालं.

तरीही एखादा बांधायचाच तर बशीसारखा: व्यास 3 मीटर, मध्ये खोली दीड फूट, एका बाजूने लांब उतार. सरळ भिंतीचं टाकं केलं तर पिल्लं, खारी, मधमाश्या बुडतात. जागा गावापासून, मोहाच्या वाटेपासून आणि गुरांच्या वाटेपासून दूर. गावाजवळ पाणी ठेवलं की चितळ येतं, त्याच्या मागे वाघ येतो, मग वाघावर खापर. आणि जागोजागी पाणी दिलं तर चरणारे प्राणी एकाच जागी मुक्काम करतात, तिथलं गवत मुळापर्यंत जातं.

एकदा पाणी भरायला लागलं की 15 जूनपर्यंत खंड पडता कामा नये. टँकरचे पैसे एप्रिलमध्ये संपले तर त्या पाण्यावर थांबलेले प्राणी थेट विहिरींकडे येतात. रोज सकाळी एक माणूस जाऊन पाहील: पाण्याला युरियाचा उग्र वास येतो का, काठाला मेलेले पक्षी आहेत का, मचाण किंवा दडण नवं दिसतं का. उन्हाळ्यात विष टाकायची जागा पाणवठाच असते. संशय आला तर पाणी उपसू नका, कोणाला प्यायला देऊ नका, गार्डला बोलवा. नमुना लागतो.

बुद्धपौर्णिमेला मचाणावरून मोजणी करायची हौस असेल तर करा, पोरांना आवडते. फक्त त्या आकड्यावरून "आपल्याकडे इतके वाघ" असं लिहू नका. एकच वाघ दोन पाण्यांवर येतो.

रानवाट

वाघाचं. गस्त दोन प्रकारची हवी, दोन्हीची वेळ वेगळी. आगीची गस्त दुपारची. शिकारीची गस्त शेताच्या कडेने, धान निसवल्यापासून रब्बी निघेपर्यंत, पहाटे आणि सांजेला. कुंपणाच्या फटीत, डुकराच्या वाटेवर क्लच वायरचे फासे असतात. फासा डुकरासाठी लावलेला असतो, अडकतो बिबट.

विजेचा प्रवाह सोडलेली तार हा त्याहून मोठा धोका, माणसालाही. 11 केव्हीच्या लाइनखालून आणि शेतपंपाच्या जोडणीजवळून जाताना जमिनीलगत खुंट्या, त्यांवर बाटली किंवा प्लास्टिकचा तुकडा, बारीक उघडी तार दिसते का पाहा. दिसली तर हात लावू नका, काठीनेही नाही. आधी महावितरणला सांगून लाइन बंद करा, मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन. रात्री एकाच फीडरवर वारंवार ट्रिपिंग होत असेल तर लाइनमनला विचारा, त्याला जागा कळते. हे कोणाचं शेत आहे हे गावाला माहीत असतं, तरी गाव गप्प बसतं. म्हणून ठरावात आधीच लिहा की तार सापडली तर ग्रामसभा स्वतः कळवील. वनहक्कात शिकारीचा हक्क नाही, ग्रामसभेला त्याची परवानगी देता येत नाही.

धान राखायला सौर कुंपण चालतं. त्यात झटका क्षणाचा असतो, जीव जात नाही. ते बंद पडतं ते तीन कारणांनी: खालच्या तारेला गवत टेकतं आणि झटका जमिनीत जातो, उन्हाळ्यात अर्थिंगची जागा कोरडी पडते, बॅटरीत पाणी घालायचं राहतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापायला माणूस ठरवला नसेल तर कुंपण घेऊच नका.

गुरं मारली गेली तर 48 तासांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवायचं नाही. ओढून गावात आणलं की नुकसानभरपाई अडकते. शिवाय वाघ उपाशी राहून दुसरं जनावर मारतो. पंचनाम्यानंतरही तिथे पहारा ठेवा, कारण रागाच्या भरात मढ्यावर कीटकनाशक टाकणारे असतात. त्यात वाघासोबत गिधाडं, कोल्हे, गावची कुत्री सगळी जातात. या कामासाठी ग्रामसभेने दोन माणसं नेमावीत, एक फोन करणारा, एक जागेवर बसणारा. मालकावर सोडलं तर 48 तास निघून जातात.

मोहाच्या दिवसांत उजाडायच्या आत कोणी जाऊ नये. खाली वाकलेला एकटा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. चार-पाच जणांनी एकत्र जावं, एकाने वाकायचं नाही, नुसतं पाहत उभं राहायचं आणि बोलत राहायचं. अस्वलाला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, नाक मात्र तेज. जवळ अचानक गेलं की ते अंगावर येतं.

गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा द्या आणि कुत्र्यांना रेबीजची. गुरं आणि हरणं एकाच बोडीवर पितात. हे काम कोणी वन्यजीवांचं समजत नाही, पण आहे.

पेनठाना

घाणेरीचं थोडक्यात. वरून कापू नका आणि जाळू नका, दोन्हीने ती दुप्पट फुटते. खोड जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे, कुदळीच्या पात्याने तोडायचं. मग झुडूप उलटं, मुळं वर करून वाळत ठेवायचं. फळं काळी पडायच्या आत. पुढची दोन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवलेली रोपं हाताने उपटायची. हे केलं नाही तर पहिल्या वर्षीची मेहनत गेली.

30-35 हेक्टर एकदम साफ करू नका. ससे, तितर, डुकरं सगळी त्यातच दडून असतात, आणि उघड्या मातीवर रानतुळस अन् तरोटा आधी येतो. वर्षाला 4-5 हेक्टर, पट्ट्यापट्ट्याने, गावाजवळच्या वाटेपासून सुरू करा म्हणजे वाघ वाटेला लागून बसणार नाही. त्याच पट्ट्यात पवन्या अन् मारवेलाचं बी माती-शेणात कालवून पहिल्या पावसात फेका. बी तुमच्याच जंगलातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओंब्या पिकल्यावर जमवायचं. यंदाचं अजून उभं असेल तर या आठवड्यात पाहा, बरंच झडलं असेल. पट्टा दोन पावसाळे गुरांना बंद.

आणि त्या दहा हजार झाडांचं. तुमच्या जमिनीत साग, तेंदू, पळसाची जिवंत खुंटं आधीच आहेत. आग आणि चराई थांबली की ती स्वतः वर येतात, त्यांना 20-30 वर्षांचं मूळ आहे. नर्सरीच्या पिशवीतल्या रोपाला ते नाही. लावायचं तर फक्त मोह, कारण फूल आणि टोळ (मोहाचं बी) दोन्ही वेचून नेल्यावर खाली रोप उरतच नाही. मोहाचं बी टिकत नाही. जून-जुलैत पडलं की दोन-तीन आठवड्यांत पेरलं पाहिजे, पोत्यात भरून ठेवलेलं उगवत नाही.

झाडीपट्टी

आराखड्यात मोजणी कशी लिहायची? अधिकारी प्लॉट टाका म्हणतात.

वास्ते

सोपं आहे. मध्यभागी खुंटी, तिला 5 मीटर 64 सेंटीमीटर दोरी, गोल फिरवा. आत 100 चौरस मीटर येतात. मोजलेल्या आकड्याला 100 ने गुणलं की हेक्टरी संख्या: प्लॉटात 7 रोपं म्हणजे हेक्टरी 700. गोलात मोठी झाडं फारच कमी येत असतील तर त्यांच्यासाठी दोरी 11 मीटर 28 सेंटीमीटर करा, क्षेत्र 400 चौरस मीटर होतं, मग 25 ने गुणायचं. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर. काठीवर खूण करून ठेवा, उतारावर वरच्या बाजूने मोजा. त्या खुणेच्या खालीच दोन फाटे फुटले असतील तर दोन झाडं धरा.

चार भागांत दहा-दहा, असे 40 प्लॉट पहिल्या वर्षाला पुरे. जागा आवडीने निवडू नका, नाहीतर सगळे वाटेकाठचे आणि सावलीतले निघतात. नकाशावर चौकटी आखून जिथे रेघा छेदतील तिथे जा. मध्यावर दगड पुरून रंग द्या आणि जीपीएस नोंदवा, कारण दरवर्षी त्याच गोलात मोजायचं आहे. झाड, दीड मीटरवरचं रोप, दीड मीटरखालचं रोप, ताजा खुंट, जळाल्याची खूण, शेण-लेंडी, एवढे रकाने बस. बायकांना सोबत घ्या, रोपाची ओळख त्यांना जास्त असते.

मंजुरीच्या सभेला कोरम निम्म्या सभासदांचा लागतो आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. सह्यांची वही सभेतच फिरवा, नंतर घरोघरी नाही.

दोरी नायलॉनची घेऊ नका, ती ताणते आणि दुपारपर्यंत 5.64 चे पावणेसहा होतात. सुतळी दुहेरी वळून घ्या, रोज सकाळी टेपने पुन्हा मोजा.